रॉटरडॅममधलं १९३४ चं ‘नवंकोरं’ घर, घ्यावं का?

प्रश्न: ताई नमस्कार, मी आणि नवरा दोघंही रॉटरडॅमला जॉब करतो, इतकी वर्षं भाड्यानेच राहतोय आणि आता मुलगी शाळेत जायला लागली म्हणून सिरियसली घर बघायला घेतलंय. हिलेखर्सबर्खमध्ये एक रो हाऊस आलंय, १९३४ चं, पण आतून सगळं रिनोव्हेट केलेलं, म्हणजे खालची मधली भिंत काढून मोठ्ठा हॉल आणि ओपन किचन, फ्लोअर हीटिंग, वर तीन बेडरूम, माळ्यावर अजून एक. खिडक्यांच्या वरच्या भागात ती रंगीत काच मात्र जुनीच ठेवलीय आणि खरं सांगू का, मी त्या काचेवरच फिदा झालेय. एनर्जी लेबल (घराला ऊर्जा किती लागते त्याचा दर्जा) सी आहे. मागतायत ७,२५,००० युरो. माकेलार (म्हणजे घरांचा एजंट) म्हणाला की मंगळवारी दुपारी बाराच्या आत बोली द्या आणि इन्स्पेक्शनची अट (तपासणीत मोठा दोष निघाला तर करार रद्द) टाकलीत तर चान्स कमी होईल. नवरा म्हणतो सगळं नवीन केलंय मग इन्स्पेक्शन कशाला. सासूबाई व्हिडिओ कॉलवर बघून म्हणाल्या, दार उघडलं की समोरच जिना, हे काही बरं नाही. आणि मी अजून पस्तिशीच्या आत आहे तर ट्रान्सफर टॅक्स, म्हणजे घर घेताना भरायचा कर, माफ होतो असं ऐकलंय, ते खरं का?
*एक वाचक, रॉटरडॅम*

उत्तर: सासूबाईंचं आधी उरकते. तिकडची रो हाऊस अरुंद असतात, त्यामुळे दार, दारासमोर जिना, बाजूला टॉयलेट हीच मांडणी सगळीकडे, त्यावरून घर नाकारायचं तर अख्खी गल्ली नाकारावी लागेल. पण जिन्याकडे बघायला त्यांनी सांगितलं ते चांगलंच केलं, कारण तो उभा आणि अरुंद असतो, तळमजल्यावर बहुतेक वेळा नुसतं टॉयलेट, आंघोळ आणि झोपणं वर. त्या तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या आणि गुडघे दुखत असतील तर रोज किती वेळा चढउतर होईल ते दोघींनी मिळून ठरवा.

टॅक्सचं उत्तर: नाही, तुम्हाला माफी नाही. वय बसतं, घर बसत नाही. ३५ च्या आतल्यांना स्वतः राहायच्या घरासाठी एकदाच मिळणाऱ्या या माफीला किमतीची मर्यादा आहे, २०२५ साठी ती ५,२५,००० युरो होती, २०२६ साठी ५,५५,०००, आणि घर त्या वर गेलं की थोडीसुद्धा सूट नाही, पूर्ण रकमेवर २ टक्के. म्हणजे ७,२५,००० वर १४,५०० युरो. जाहिरातीत किमतीपुढे दोन छोटे ‘के’ असतील बघा, कोस्टन कोपर, म्हणजे हा टॅक्स, नोटरी, नोंदणी सगळं घेणाऱ्याच्या खिशातून. शिवाय बँक कर्ज देते ते जास्तीत जास्त व्हॅल्युएशनच्या १०० टक्के, तुमच्या बोलीच्या नाही (घर एनर्जीच्या दृष्टीने सुधारायचं असेल तर थोडं जास्त मिळू शकतं). समजा चढाओढीत तुम्ही ७,६०,००० दिलेत आणि व्हॅल्युएशन आलं ७,३५,०००, तर मधले २५,००० रोख, वर टॅक्सचे १५,२००, वर नोटरी, व्हॅल्युएशन, कर्जाच्या अ‍ॅडव्हायजरची फी. एवढी कॅश बाजूला आहे का हे मंगळवारच्या आत कागदावर मांडा, रंगीत काच नंतर.

आता नवऱ्याचा प्रश्न, तो खरा महत्त्वाचा. मिस्टरांना सांगा की जाहिरातीत हे घर नवीन आहे पण करारात ते जुनंच असणार. करार हातात आला की त्यात बहुधा एक जुनेपणाचं कलम असेल, घर १९३४ चं आहे, आजच्या बांधकामाइतकं चांगलं असेल अशी अपेक्षा ठेवू नये, पाया, पाइप, वायरिंग, ओल याची जबाबदारी विकणाऱ्यावर नाही, अशा अर्थाचं. बऱ्याचदा जोडीला अ‍ॅस्बेस्टॉसचंही (बांधकामात वापरायचे ते तब्येतीला घातक साहित्य) एक कलम असतं, कारण नेदरलँड्समध्ये त्यावर पूर्ण बंदी १९९३ मध्ये आली, त्याआधीच्या घरात कुठेतरी सापडू शकतं. ही कलमं रिनोव्हेट केलेल्या घरालाही लागतात! किचन बघून तुम्ही पैसे जास्त देणार आणि किचनच्या खाली जे काही आहे त्याची जोखीमही तुम्हीच घेणार, असा तो सौदा. माहिती असलेले दोष सांगणं विकणाऱ्याला बंधनकारक आहे हे खरं, पण नीट तपासून घेणं हे घेणाऱ्याचंही कर्तव्य तिथला कायदा धरतो, आणि बघितलंच नाही तर नंतर भांडायला जागा फार उरत नाही.

आणि खाली काय आहे ते रॉटरडॅममध्ये फार महत्त्वाचं. हा सगळा भाग मऊ, पाणथळ जमिनीवर, त्या काळातली किती तरी घरं लाकडी खांबांवर उभी आहेत. लाकूड पूर्ण पाण्याखाली राहिलं तर वर्षानुवर्षं टिकतं, पण जमिनीतलं पाणी खाली गेलं आणि खांबाचं डोकं उघडं पडलं की हवा लागते, बुरशी लागते, खांब कुजायला लागतो. दुरुस्तीचा खर्च एका घरामागे लाख युरोच्या घरात सहज जातो, घराचा नेहमीचा इन्शुरन्स तो बहुतेक देत नाही, आणि रो हाऊस असल्यामुळे शेजाऱ्याची आणि तुमची भिंत नि पाया एकच, म्हणजे तुम्ही एकट्याने करायचं म्हटलं तरी जमत नाही, त्यांना तयार करावं लागतं.

गंमत अशी की पाया खचत असेल तर त्याच्या खुणा असतात, भेगा, अडकणारी दारं, उतरती जमीन, आणि नेमक्या याच खुणा रिनोव्हेशनमध्ये जातात, नवीन प्लास्टर, नवीन दारं, लेव्हल करून टाकलेलं फ्लोअरिंग. फसवायला केलं असेल असं नाही म्हणत मी, कोणीही घर सुधारताना हेच करेल. म्हणून तुम्ही बघायला जाल तेव्हा पहिली दहा मिनिटं आत जाऊच नका, रस्त्याच्या पलीकडे उभं राहून समोरच्या भिंतीतली विटांची एक आडवी ओळ धरा आणि शेजारच्या दोन-तीन घरांपर्यंत नजरेने न्या. बांधताना ती ओळ सरळ होती. आता कुठे पोट काढलं असेल, एका बाजूला उतरली असेल, खिडकीच्या कोपऱ्यातून विटांमधून पायऱ्यापायऱ्यांची भेग गेली असेल तर समजून जा. अर्थात डोळ्यांनी दिसलं नाही म्हणजे नाहीच असं नव्हे, ही ओळ मोजून देणारे लोक असतात आणि रॉटरडॅम महापालिकेचं पायाच्या प्रश्नांसाठी वेगळं माहिती केंद्र आहे, तिथे पत्ता देऊन घराचा पाया कोणत्या प्रकारचा, त्या रांगेत आधी कधी तपासणी झालीय का, हे विचारा. शेजाऱ्याची बेल वाजवून विचारलंत तर अजून चांगलं, डच माणूस असल्या प्रश्नाला सरळ उत्तर देतो.

दुसरी गोष्ट ती काढलेली मधली भिंत. तीसच्या दशकातल्या घरांत पुढची खोली आणि मागची खोली, मध्ये सरकती दारं नि दोन्हीकडे कपाटं असा प्रकार असायचा. आता सगळ्यांना ओपन हवं म्हणून ते पाडतात. त्यातला नुसत्या दाराकपाटांचा भाग काढला असेल तर ठीक, पण वरचं वजन घेणारी भिंत काढली असेल तर तिथे स्टीलचा बीम हवा, त्याचं इंजिनियरचं कॅल्क्युलेशन हवं आणि महापालिकेची परवानगी हवी. तिन्ही कागद मागा. ‘आमच्या आधीच्या मालकाने केलं’ हे उत्तर आलं तर महापालिकेच्या अर्काइव्हमध्ये बघा. माळ्यावर नवीन खिडकी काढली असेल तर तिला परवानगी लागत होती का तेही बघा.

मुख्य दाराशी पायपुसण्याखाली बहुधा एक झाकण असतं, ते उघडायला लावा. खाली रांगत जाता येईल एवढी पोकळी असते, तिथे पाणी साचलंय का, लाकडी तुळयांची भिंतीत गेलेली टोकं मऊ पडलीत का हे इन्स्पेक्टरने बघायचं. बाहेरच्या भिंतीत खाली हवा जायला जाळ्या असतात, त्या इन्सुलेशन करताना कोणी बुजवल्या तर खालचं लाकूड घुसमटतं. फ्लोअर हीटिंग टाकताना ते झाकणच कायमचं बंद केलं असेल तर मी तरी बोली कमी करेन. १९६० च्या आधीचं घर म्हणजे पिण्याच्या पाण्याचा पाइप शिशाचा असू शकतो, लहान मूल घरात आहे तर हे नक्की विचारा.

किचनची चिमणी धूर बाहेर टाकते की कार्बन फिल्टरमधून फिरवून पुन्हा घरात सोडते तेही बघाच. ओपन किचनमध्ये दुसऱ्या प्रकारची चिमणी आणि आपली मिरचीची फोडणी म्हणजे सोफ्याला, पडद्यांना, शाळेच्या जॅकेटला वास.

माकेलार जे म्हणाला त्याबद्दल. तो विकणाऱ्याचा माणूस आहे, त्याची फी तिकडून येते, आणि मंगळवार बारा ही त्याची सोय. अट न टाकता बोली द्यायचीच असेल तर मग मंगळवारच्या आत इन्स्पेक्टर नेऊन आणा, परवानगी मिळते बऱ्याचदा, काहीशे युरो जातील आणि घर नाही मिळालं तर ते वाया गेलेच, पण ७,२५,००० समोर ते किती. स्वतःचा खरेदीचा माकेलार घ्या असंही मी सांगेन, त्याच गल्लीत मागची घरं कितीला गेली हे त्याला कळतं. कर्ज मिळालं नाही तर करार रद्द, ही अट मात्र कोणी कितीही सांगितलं तरी काढू नका. सह्या झालेल्या कराराची कॉपी हातात आली की विचार बदलायला तीन दिवस मिळतात, कारण न देता बाहेर पडता येतं, पण त्यानंतर मागे फिरलात तर साधारण १० टक्के दंड, म्हणजे या घरावर ७२,५०० च्या पुढे. म्हणून त्या तीन दिवसांच्या भरवशावर इन्स्पेक्शन पुढे ढकलू नका, इन्स्पेक्टरची तारीख तेवढ्यात मिळेलच असं नाही.

पाया ठीक निघाला आणि बीमचे कागद मिळाले तर जरूर बोली द्या, हिलेखर्सबर्ख शांत आहे, तळी आहेत, मुलांना छान. त्यातलं एक जरी नसेल तर मी ते घर सोडेन, काच कितीही सुंदर असली तरी.

प्रश्न: अ‍ॅमस्टरडॅममध्ये आम्ही बघतोय त्या जुन्या घराची जमीन महापालिकेची आहे, आणि जाहिरातीत लिहिलंय की जमिनीचं भाडं २०४१ पर्यंत भरून टाकलेलं आहे. म्हणजे काळजी नाही ना?
*एक वाचक, आम्स्टलव्हेन*

उत्तर: २०४१ पर्यंत नाही. त्याच्या पुढे भाडं पुन्हा सुरू होतं आणि ते तेव्हाच्या जमिनीच्या किमतीवरून ठरू शकतं, तुमचं कर्ज मात्र तीस वर्षांचं. पुढचं भाडं कोणत्या अटींनी ठरणार, आधीच्या मालकाने कायमस्वरूपी लीजकडे (जिथे भाडं पुन्हा पुन्हा नव्याने ठरत नाही) जायचा अर्ज केला होता का, रक्कम ठरलीय का, हे नोटरीकडून लेखी घ्या. शेजारचं स्वतःच्या जमिनीवरचं तसंच घर असेल तर दोघांच्या किमतीत फरक असायलाच हवा, तो नसेल तर घासाघीस तिथून सुरू करा.