पायाला मुंग्या आणि दारात दोन म्हशी

"पायाला सारख्या मुंग्या येतात. मणक्यात गॅप असेल का? की कॅल्शियम कमी झालंय?" सांगली-मिरजेत आहाराचा सल्ला घ्यायला येणाऱ्या पन्नाशीपुढच्या शाकाहारी बायकांकडून ही शंका इतक्यांदा ऐकू येते, की एकदा सविस्तर लिहिलेलं बरं.

वाळवा तालुक्यातल्या एका काकूंचं घ्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). घरात अंडंही चालत नाही, बरीच वर्षं शुगरची गोळी चालू. नखांवर पांढरे ठिपके दिसले म्हणून मेडिकलमधून कॅल्शियम आणून खाऊन झालं होतं. त्या ठिपक्यांचा कॅल्शियमशी संबंध नसतो. बहुतेकदा नखाच्या मुळाशी लागलेला बारीकसा मार असतो. नखं खोलगट होऊन कडा वर आल्या, तर मात्र लोह तपासावं.

जीभ बघितली. तांबडी, गुळगुळीत, वरचा खरखरीतपणा गेलेला. तिखट सोसत नव्हतं. बोटांच्या पेरांवरची कातडी काळवंडलेली. काकूंच्या मते ती शेणामातीनं.

"चालताना चप्पल निसटते का?"

उत्तर सुनेनं दिलं. "परवा एक चप्पल रस्त्यातच ऱ्हायली. आईंना घरी आल्यावर कळलं."

"आणि डोळे मिटून तोंडाला साबण लावताना?"

"भिंत धरते," काकू म्हणाल्या.

तळपायांची जाणीव कमी झाली की चप्पल निसटलेली कळत नाही आणि डोळे मिटले की तोल जातो. मणक्यात नस दबली की मुंग्या बहुधा कमरेतून एका पायात उतरतात. दोन्ही तळपायांत सारख्या मुंग्या, जोडीला अशी जीभ आणि अशी काळवंडलेली पेरं असली की बी-१२ हे जीवनसत्त्व तपासायलाच हवं. मधुमेहातही दोन्ही पायांत मुंग्या येतात, म्हणून नुसत्या लक्षणावर निकाल देऊ नये. लक्षणाबरोबर ताट वाचावं आणि औषधांची पिशवी उघडावी, हे माझं पक्कं मत. काकूंच्या पिशवीत शुगरची गोळी मेटफॉर्मिन निघाली आणि रोज सकाळची पित्ताची कॅप्सूल. वर्षानुवर्षं घेतल्या तर दोन्ही अन्नातलं बी-१२ नीट अंगी लागू देत नाहीत.

ताटाचं कोडं सुटायला दोन-तीन भेटी गेल्या. दूध-दुभतं विचारलं की उत्तर ठरलेलं: "भरपूर. दारात दोन म्हशी हायत." शेवटी प्रश्न बदलला.

"काल धार काढल्यापासून सांगा. किती निघालं, कुठं गेलं?"

"दोन्ही वेळचं बारा लिटर. अकरा डेअरीला घातलं. राहिलेलं नातवंडांना, चहाला."

"तुमच्या वाट्याला?"

काकू सुनेकडं बघत राहिल्या. "चहातलंच की." मग स्वतःहून, "ताक असतंय, पण पाण्यागत."

'काय खाता' विचारलं की माणूस घरात काय आहे ते सांगतो. 'काल काय खाल्लं' विचारलं की ताटात काय पडलं ते कळतं. लांबलचक फॉर्म भरून घेण्यापेक्षा मला हा एक प्रश्न जास्त उपयोगी वाटतो.

प्रौढाला दिवसाला दोन-सव्वादोन मायक्रोग्रॅम बी-१२ लागतं. म्हशीच्या अर्ध्या लिटर दुधातून जवळपास तेवढं मिळतं, एका अंड्यातून अर्धा मायक्रोग्रॅम. मोड आलेली मटकी, मेथी, शाळूची भाकरी यांत बाकी पुष्कळ काही आहे, बी-१२ नाही. यकृतात त्याचा साठा काही वर्षं पुरतो, म्हणून दुखणं उशिरा वर येतं आणि खाणं तर तेच आहे, मग आत्ताच कसं, असा प्रश्न पडतो.

काकूंच्या घरी ठरलं ते असं: कॅन भरण्याआधी अर्ध्या लिटरचं माप काकूंच्या नावानं बाजूला. सकाळी पेलाभर बिनसाखरेचं दूध, दुपारी वाटीभर घट्ट दही, रात्री पुन्हा थोडं दूध. आणि शुगर आहे म्हणून तेवढी भाकरी कमी. दूध उकळी आली की उतरवायचं, तासभर आटवलं तर बी-१२ घटतं. काकांनी डेअरीच्या महिन्याच्या बिलाचा हिशोब काढलाच. सुनेनं इंजेक्शनांचा काढला.

कारण साठा इतका रिता झाला आणि नसांवर परिणाम दिसू लागला, की नुसतं दूध पुरत नाही. डॉक्टरांकडून इंजेक्शन किंवा गोळ्यांचा डोस ठरवून घ्यावाच लागतो. रक्त मात्र आधी द्यावं. औषधानंतर दिलं तर आकडा फुगलेला येतो. बी-१२ चा आकडा मिलिलिटरमागे २०० पिकोग्रॅमच्या खाली आला तर सहसा कमतरता धरतात. काकूंचा बराच खाली होता. बी-१२ कमी असलं की तांबड्या पेशी मोठ्या होतात, पण लोहही कमी असेल तर त्यांचा आकार सामान्य दिसून फसगत होते. मेटफॉर्मिन मनानं बंद करू नये. पित्ताची कॅप्सूल अजून लागते का, हे डॉक्टरांना विचारावं. नुसतं फॉलिक अॅसिड घेत बसू नये: रक्त सुधारल्यासारखं दिसतं, नसांचं नुकसान चालूच राहतं.

जीभ काही आठवड्यांत भरून येते. मुंग्यांना महिने लागतात, आणि फार उशीर झाला असेल तर थोड्या राहूनही जातात. मुंग्या अचानक, एकाच बाजूच्या हातापायात आल्या किंवा तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर आहाराचा विचार करत बसू नका, त्याच क्षणी मोठा दवाखाना गाठा.