गरीब पेशंटमुळे ट्रस्टची हॉस्पिटलं तोट्यात जातात का?

नाही. मी ट्रस्टच्या हॉस्पिटलात बिलिंगला असतो आणि हे वाक्य आमच्या प्रत्येक मीटिंगमध्ये ऐकतो, म्हणून लिहितोय.

जीबीएसची (गुलेन-बॅरी सिंड्रोम, यात नसांवर हल्ला होऊन स्नायू लुळे पडतात) फाईल घ्या, जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रोडकडे ज्याची साथ आली तो आजार. त्यावरचं औषध आयव्हीआयजी, म्हणजे शिरेतून द्यायच्या अँटिबॉडी. डोस वजनाच्या किलोमागे 2 ग्रॅम, पाच दिवसांत विभागून. 60 किलोच्या माणसाला 120 ग्रॅम, म्हणजे 5 ग्रॅमच्या 24 व्हायल. खरेदीचा भाव आणि छापील एमआरपी यांत चांगलीच तफावत असते, आणि बिल लागतं एमआरपीने. म्हणजे पहिल्या आठवड्यात मेडिक्लेमवाला जीबीएस फायद्याचाच. (प्लाझ्मा एक्स्चेंज, म्हणजे रक्तातला प्लाझ्मा काढून बदलणं, हेही तितकंच चालतं आणि बहुधा स्वस्त पडतं, पण त्याचं नाव नातेवाइकांच्या कानावर पडतंच असं नाही.)

सहाव्या दिवशी औषध संपतं, श्वासाचे स्नायू मात्र उठलेले नसतात. मग ट्रॅकिओस्टॉमी (गळ्याला छेद देऊन श्वासाची नळी), दर दोन तासांनी कूस बदलणं, फिजिओ, मधेच व्हेंटिलेटरचा न्यूमोनिया. राबणूक तेवढीच, पण बिलात रोज खाट, व्हेंटिलेटर आणि अँटिबायोटिक. शिवाय आयसीयूची खाट अडते, पुढची ऑपरेशनं लांबतात. विमा संपतो, डिपॉझिट येणं थांबतं, आणि तेव्हा कुणाला तरी आयपीएफ, म्हणजे निर्धन रुग्ण निधी, आठवतो.

मेख इथे आहे. महाराष्ट्राच्या सार्वजनिक ट्रस्ट कायद्यातल्या कलम 41 ककखालच्या योजनेत 10 टक्के खाटा निर्धनांना, 10 टक्के दुर्बलांना, आणि इतर पेशंटांच्या एकूण बिलाच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत. महिन्याचं बिलिंग 2 कोटी धरा, निधीत 4 लाख आले. निर्धनाची खाट, नर्सिंग, जेवण फुकट. औषधं आणि इम्प्लांट निधीला खरेदी किमतीनेच लावायचे. त्याच 24 व्हायल एमआरपीने लावल्या की एका पेशंटात निधीचा खडखडाट, आणि पुढच्या माणसाला 'आयपीएफ शिल्लक नाही'. ट्रस्टी म्हणतात गरिबांनी फंड खाल्ला. खाल्ला तो एमआरपीच्या नोंदीने. आमच्या अकाउंट्सवाल्यांना हे अजून पटत नाही.

तुमचं कुणी ॲडमिट असेल तर विमा संपायची वाट बघू नका. पहिल्याच दिवशी रेशनकार्ड किंवा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला घेऊन हॉस्पिटलच्या समाजसेवकाकडे अर्ज द्या. निर्धनासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 1,80,000 रुपये, दुर्बलासाठी 3,60,000. दुर्बल गटात निम्मं बिल आपल्याला भरावं लागू शकतं. निधी संपला म्हणाले तर त्या महिन्याचा जमाखर्च लेखी मागा, नाही दिला तर धर्मादाय सह आयुक्तांकडे तक्रार. इमर्जन्सीत डिपॉझिटसाठी अडवता येत नाही.

हां, सगळीच हॉस्पिटलं असं करतात असं नाही. आणि सरकारी योजनेच्या ठरलेल्या पॅकेजमध्ये लांबलेला व्हेंटिलेटर खरंच परवडत नाही. पण तो तोटा पॅकेजच्या दराचा आहे, खाटेवरच्या माणसाचा नाही.