माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या व्हिडिओ गेममध्ये दर शनिवारी दहा-बारा जणांचा खेळ भरवायचा आहे. सर्व्हर भाड्याने घ्यावा का? सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की मुलं-मोठी मिळून दहा-बारा जण आहेत, काहींकडे फोन, काहींकडे लॅपटॉप, एक भाऊ अमेरिकेत, आणि आठवड्यातून दोन तास सगळ्यांनी एकाच जगात खेळावं अशी तुमची इच्छा आहे. मी हे २०२०च्या लॉकडाउनपासून करतोय. तेव्हा मामे-आत्ये भावंडं आणि त्यांची मुलं एवढेच होतो, आता शेजारची आणि मुलांच्या वर्गातलीही आहेत.

सर्व्हर, म्हणजे सगळ्यांचं सामाईक जग चालवणारा संगणक, भाड्याने घ्या, पण पहिल्या आठवड्यात नको. त्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा: त्या दोन तासांत तुम्ही खेळायला बसणार नाही. ज्याच्या घरी कार्य असतं तो पहिल्या पंगतीला बसत नाही, तसंच हे आहे. कोणाला आत येता येत नाही, कोणाचा आवाज येत नाही, कोण लाव्हात पडून रडवेला झालाय, हे बघणारं एक माणूस रिकामं असावं लागतं. मला स्वतःला खेळायचं असतं तेव्हा मी बुधवारी रात्री एकटा जातो.

आधी फोन-लॅपटॉपचा प्रश्न सोडवा, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. माइनक्राफ्टच्या दोन आवृत्त्या आहेत. जावा फक्त संगणकावर चालते. फोन, टॅब्लेट, एक्सबॉक्स, प्लेस्टेशन यांवर असते ती बेडरॉक. दोन्ही एकमेकींशी थेट बोलत नाहीत. विंडोज संगणकासाठी २०२२पासून दोन्ही एकत्रच विकत मिळतात, त्यामुळे लॅपटॉपवाल्यांना बेडरॉकवर आणणं सोपं आहे. निम्म्याहून जास्त लोक फोनवर असतील तर सरळ बेडरॉक घ्या. सगळं सोपं हवं असेल तर कंपनीची रेल्म्स ही वर्गणीची सोय आहे. तिच्या 'प्लस' प्रकारात मालकाशिवाय एका वेळी दहा जण बसतात आणि तांत्रिक काही बघावं लागत नाही. आम्ही जावा सर्व्हर ठेवला आणि त्यावर गीझर नावाचं प्लगइन (सर्व्हरला जोडायचं जादा सॉफ्टवेअर) बसवलं, त्यामुळे फोनवालेही येतात. फक्त यूट्यूबवर बेडरॉकची रेडस्टोनची (खेळातल्या विजेवर चालणारी) यंत्रं बघून आलेल्या मुलांना ती इथे चालत नाहीत याचं फार वाईट वाटतं, ते आधीच सांगून ठेवा.

सर्व्हरचं सॉफ्टवेअर फुकट आहे, घरच्या संगणकावरही चालतं. बहुतेकांचं अडतं ते इंटरनेटपाशी. आपल्याकडे बऱ्याच ब्रॉडबँड जोडण्यांत आणि मोबाइल डेटावर अनेक घरं एकाच सार्वजनिक आयपीमागे (इंटरनेटवरच्या पत्त्यामागे) असतात. मग राउटरमध्ये २५५६५ हा पोर्ट (बाहेरून खेळात यायचं दार) कितीही उघडा, बाहेरचा माणूस तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही. राउटरच्या पानावर बाहेरचा आयपी १००.६४ ते १००.१२७ यांदरम्यान दिसला तर समजा तुमचंही तसंच आहे. यावर तीन वाटा: जोडणी देणाऱ्याकडून जादा पैसे भरून स्थिर आयपी घेणं, टेलस्केलसारखं खासगी जाळं सगळ्यांच्या यंत्रांवर बसवणं, किंवा सर्व्हर भाड्याने घेणं. दहा-बारा घरांत टेलस्केल बसवून देण्याची उमेद माझ्यात होती, तुमच्यात असेलच असं नाही. भाड्याचा घेताना तो मुंबईत आहे का ते विचारा. पुण्याहून मुंबईला पिंग (निरोप जाऊन परत यायचा वेळ) जेमतेम वीसेक मिलिसेकंद लागतो, सिंगापूरला साधारण साठ-सत्तर, जर्मनीला दीडशेच्या आसपास. तुमच्या अमेरिकेतल्या भावाला मुंबईचा सर्व्हर दोनशेच्या पुढे पडेल. बांधकामाला तेवढं चालतं, लढाईत मात्र तो मागे पडेल. म्हणून आमच्याकडे न्यू जर्सीचा मावसभाऊ बांधकामाचा मुकादम आहे.

आता लॅगबद्दल, म्हणजे खेळ अडखळण्याबद्दल, कारण चांगला रंगलेला शनिवार बहुतेक वेळा इथेच बिघडतो. सर्व्हर सेकंदाला वीस वेळा सगळ्या जगाचा हिशोब करतो, म्हणजे प्रत्येक फेरीला ५० मिलिसेकंद. तेवढ्यात हिशोब झाला नाही की फोडलेला दगड परत जागेवर येतो, उघडलेलं दार बंद दिसतं. लोक मेमरी वाढवत बसतात. दहा जणांना चार जीबी पुरते. खेळाचा मुख्य हिशोब एकाच धाग्यावर, म्हणजे प्रोसेसरच्या एकाच कोअरवर, चालतो, त्यामुळे खूप कोअर असण्यापेक्षा एक कोअर वेगवान असणं महत्त्वाचं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे जगात काय चाललंय. आमच्याकडे एका पुतणीने कोंबड्यांचं खुराडं केलं आणि महिनाभरात त्यात शेकडो कोंबड्या झाल्या. त्या प्रत्येकीचा हिशोब दर फेरीला होत होता. तिला मी पन्नासची मर्यादा समजावून सांगितली, ती तिने पाटीवर लिहून खुराड्याला लावली. दुसरं कारण नवीन मुलूख: कोणी एलिट्रा (खेळातले पंख) लावून सुसाट उडत गेला की सर्व्हरला त्याच्यापुढे जमीन तयार करत धावावं लागतं. त्यावर उपाय म्हणजे जगाला सीमा घाला आणि चंकी या प्लगइनने सीमेच्या आतला भाग शुक्रवारी रात्रीच तयार करून ठेवा. मूळ सर्व्हरऐवजी पेपर हे सर्व्हर-सॉफ्टवेअर वापरा, व्ह्यू डिस्टन्स (किती लांबचं दिसतं) दहावरून आठवर आणि सिम्युलेशन डिस्टन्स (किती लांबपर्यंतचा हिशोब होतो) सहावर आणा. आमच्याकडे मुलांना फरक जाणवलासुद्धा नाही.

सुरक्षेत हयगय करू नका. २५५६५ पोर्टवर कोणते सर्व्हर उघडे आहेत हे शोधत फिरणारे बॉट (आपोआप चालणारे प्रोग्रॅम) असतात. तुमचा पत्ता कोणाला सांगितला नाही तरी ते येतात. व्हाइटलिस्ट, म्हणजे आत येऊ द्यायच्या नावांची यादी, पहिल्या मिनिटापासून चालू हवी. आणि 'ऑनलाइन मोड' (येणाऱ्याचं खातं खरं आहे का हे तपासणारी सोय) कोणी कितीही गळ घातली तरी बंद करू नका. खेळ विकत न घेता येता यावं म्हणून लोक तो बंद करायला सांगतात. पण तो बंद असताना कोणीही तुमचं नाव लावून आत येऊ शकतो, आणि तुमच्या नावाला सगळे अधिकार असतात.

पहिल्या दिवशी मुलांच्या खात्यांमुळे अर्धा तास जाईल, तो आदल्या दिवशीच घालवा. लहान मुलाचं मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर आईबाबांनी त्यांच्या खात्यातून ऑनलाइन एकत्र खेळायची परवानगी दिल्याशिवाय ते मूल आत येत नाही, आणि ऐन वेळी आईबाबांना पासवर्ड आठवत नाही. बोलण्यासाठी मोठ्यांना डिस्कॉर्ड हे ॲप ठीक आहे, पण त्याची किमान वयाची अट तेरा वर्षं आहे. आमच्याकडे धाकट्यांसाठी आईच्या फोनवरून ग्रुप कॉल असतो. घरातलं मोठं माणूस जवळ असतं, हे मला बरंही वाटतं.

वेळेचंही सांगतो. आम्ही रात्री साडेनऊला सुरू करतो, तेव्हा न्यू जर्सीत दुपारचे बारा वाजलेले असतात. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं तासभर मागे जातात, मग तिकडे अकरा. मार्चमध्ये परत बारा. दर वर्षी त्या दोन शनिवारी कोणीतरी चुकतंच, म्हणून मी आदल्या गुरुवारी दोन्हीकडच्या वेळा लिहून पाठवतो.

नियमांपैकी माझ्या मते दोनच महत्त्वाचे. मेल्यावर सामान हातात राहील अशी सोय चालू ठेवा. जुने खेळाडू म्हणतील यात मजा नाही. पण जमिनीवर पडलेलं सामान पाच मिनिटांत नाहीसं होतं, आणि नऊ वर्षांचं मूल पाच मिनिटांत त्या गुहेपर्यंत परत पोहोचत नाही. दुसरा नियम एंडर ड्रॅगनचा, म्हणजे खेळातल्या शेवटच्या मोठ्या शत्रूचा. तरबेज मुलं पहिल्याच आठवड्यात जाऊन त्याला मारतात. ड्रॅगन नंतर परत बोलावता येतो, पण त्याचं अंडं फक्त पहिल्या वेळी मिळतं, आणि बाकीच्यांना वाटतं की खेळ आपल्याशिवायच संपला. आम्ही तारीख ठरवतो, त्याआधी एंडमध्ये, म्हणजे ड्रॅगनच्या जगात, कोणी जायचं नाही. आजवर शब्द मोडला गेलेला नाही.

चोरीचं एकदाच झालं. एकीच्या पेटीतले सगळे हिरे गेले, कॉलवर आरोप सुरू झाले. कोअरप्रोटेक्ट हे प्लगइन कोणी कुठला ठोकळा हलवला, कुठली पेटी उघडली याची नोंद ठेवतं. त्यात दिसलं की सर्वांत धाकट्याने ते नेले होते, आणि त्याने त्याच रात्री सगळ्यांसाठी चिलखतं बनवून वाटली होती. त्याला वाटलं होतं पेटी सगळ्यांची आहे. मी नाव कॉलवर घेतलं नाही, त्याच्याशी वेगळं बोललो. पुढच्या शनिवारी पहिलं काम म्हणून सगळ्यांनी मिळून पेट्यांवर पाट्या लावल्या. प्लगइन तुम्हीही बसवा, पण नोंद आधी एकट्याने वाचा.

आणि बॅकअप. पहिल्या पावसाळ्यात सर्व्हर माझ्या घरी असताना जग जतन होत असतानाच वीज गेली, आणि एका गावाचा निम्मा भाग बिघडला. चार दिवसांपूर्वीची प्रत होती म्हणून निभावलं, तरी त्या चार दिवसांत एका भाच्याने बांधलेला दीपगृहाचा मनोरा गेला. मी त्याच्याबरोबर बसून तो परत बांधला. आता रोज पहाटे प्रत निघते: आधी सेव्ह-ऑफ (आपोआप जतन थांबवायची आज्ञा), मग सेव्ह-ऑल (सगळं एकदा जतन), फोल्डरची नक्कल, मग सेव्ह-ऑन (जतन परत चालू). आमच्या पेपर सर्व्हरवर नेदर आणि एंड ही खेळातली बाकीची दोन जगं वेगळ्या फोल्डरांत होती, त्यामुळे फक्त 'वर्ल्ड' फोल्डर उचलला असता तर ती दोन्ही राहून गेली असती. तुमचे किती फोल्डर आहेत ते बघा. प्रत महिन्यातून एकदा दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा.

दोन तासांत करायचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीये, पण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात गर्दी ओसरते ती यामुळेच. खेळातला एक दिवस वीस मिनिटांचा, म्हणजे दोन तासांत सहा दिवस. एका शनिवारी एकच सामाईक काम ठेवा, तेही पहिल्या तासात. दुसरा तास ज्याचा त्याचा. आमच्याकडे सगळ्यात जास्त लोक येतात ते दिवाळीच्या किल्ल्याला. इकडच्या मुलांना अंगणात मातीचा करता येतो, न्यू जर्सीच्या दोघींना नाही, म्हणून सुरू केलं. एका वर्षी राजगड घेतला. एक ठोकळा म्हणजे एक मीटर, आणि खेळातलं जग समुद्रसपाटीपासून जेमतेम अडीचशे ठोकळे वर जातं. राजगड १३०० मीटरहून उंच. मग खालचा डोंगर सोडून दिला, बालेकिल्ला आणि माच्या एवढंच मापात बांधलं. आधी बालेकिल्ला आणि पद्मावती माची झाली. सुवेळा आणि संजीवनीवर भाऊबीजेपर्यंत काम चाललं होतं. त्या पाच शनिवारांत मला कोणाला बोलवावं लागलं नाही.

कोणाकडे कोणतं यंत्र आहे आणि तुमच्या राउटरवर कोणता आयपी दिसतो, हे खाली लिहा. आयपीतले टिंबांनी वेगळे केलेले शेवटचे दोन भाग गाळून लिहा. जावा घ्यावं की बेडरॉक, ते त्यावरून सांगतो.