ॲलर्जींची लांबलचक यादी आणि आपत्कालीन विभाग : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काही रुग्ण दहा-बारा औषधांची ॲलर्जी सांगतात. केसपेपरवर जागा पुरत नाही आणि मागे रांग असते. चौकशी किती आणि कशी करायची? (परिचारिका, आपत्कालीन विभाग)

सगळ्या यादीची चौकशी त्या क्षणी करायची नसते. या रुग्णाला पुढच्या तासाभरात काय द्यावं लागेल याचा आधी अंदाज घ्या : वेदनाशामक, अँटिबायोटिक, उलटीचं इंजेक्शन, भूल, सीटी स्कॅनचा कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट यावं म्हणून शिरेतून देतात तो आयोडीनयुक्त द्रव). यादीतली जी नावं त्यात आडवी येतात तेवढ्यांचीच नीट चौकशी करा. बाकीची सांगितली तशी उतरवून घ्या आणि पुढे ‘तपशील विचारलेला नाही’ असं लिहा.

प्रत्येक नावामागे पाच गोष्टी विचारायच्या. नेमकं काय झालं? औषध घेतल्यावर किती वेळानं? किती वर्षांपूर्वी? त्यासाठी कोणते उपचार करावे लागले? आणि त्यानंतर तेच किंवा त्याच गटातलं औषध पुन्हा घेतलं का? हा शेवटचा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो, आणि आमच्या मते सर्वांत मोलाचा तोच आहे. नंतर तीच गोळी विनात्रास घेतली असेल तर बऱ्याच शंका तिथेच मिटतात. पहिला प्रश्न मोकळाच ठेवा. ‘अंगावर पित्त उठलं होतं का?’ अशी सुरुवात केली की घाबरलेला माणूस ‘हो’ म्हणतो.

उत्तरांवरून ढोबळ तीन गट पडतात. काही मिनिटांत ते तासाभरात अंगावर गांधी, ओठ-जिभेला सूज, छातीत घरघर, आवाज बसणं, भोवळ : ही तत्काळ रिॲक्शन. काही दिवसांनी ताप, अंगावर फोड, साल निघणं, तोंडात किंवा डोळ्यांत जखमा : ही उशिराची गंभीर रिॲक्शन. यात ते औषध पुन्हा कधीच द्यायचं नाही, चाचणीपुरता थेंबसुद्धा नाही. मळमळ, जुलाब, गुंगी हा बहुतेक वेळा दुष्परिणाम असतो. तोही लिहा, पण ‘दुष्परिणाम’ म्हणूनच. सगळंच ‘ॲलर्जी’च्या रकान्यात गेलं की संगणक प्रत्येक औषधाला तोच इशारा देतो, कर्मचारी तो सवयीनं बंद करतात, आणि त्या ओघात खराखुरा इशाराही बंद होतो.

लॅटेक्स (हातमोज्यांतलं रबर) आणि क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाबद्दल वेगळं विचारा. रुग्ण फक्त गोळ्या-इंजेक्शनांचीच नावं सांगतात. क्लोरहेक्सिडिन मात्र त्वचा पुसायच्या द्रावणात, कॅथेटर घालतानाच्या काही जेलींत आणि काही सेंट्रल लाइनच्या (मोठ्या शिरेत घालायच्या नळीच्या) लेपातही असतं.

प्रश्न : रुग्ण ‘मला ॲड्रिनॅलिनची ॲलर्जी आहे’ म्हणतो आणि समोर ॲनाफिलॅक्सिस (जिवावर बेतणारी तत्काळ रिॲक्शन) दिसतोय. द्यायचं का? (रुग्णवाहिका कर्मचारी)

द्यायचं, आणि लगेच. ॲनाफिलॅक्सिसमध्ये ॲड्रिनॅलिन पूर्ण वर्ज्य ठरावं असं एकही कारण नाही. अशा सांगण्यामागे बऱ्याचदा दात काढतानाचं भुलीचं इंजेक्शन असतं. त्यातल्या ॲड्रिनॅलिननं छाती धडधडते, हात कापतात. तो औषधाचा परिणामच आहे. ॲम्प्यूलमध्ये सल्फाइट (औषध टिकवणारं रसायन) असतं, म्हणूनही थांबू नका.

मात्रा दर किलो वजनाला ०.०१ मिलिग्रॅम, प्रौढांत जास्तीत जास्त ०.५ मिलिग्रॅम. म्हणजे १ मिलिलीटरमध्ये १ मिलिग्रॅम असलेल्या ॲम्प्यूलमधून अर्धा मिलिलीटर, मांडीच्या मधल्या भागात बाहेरच्या बाजूला, स्नायूत. पाच मिनिटांत सुधारणा नसेल तर पुन्हा तेवढंच. सोबत ऑक्सिजन, आणि रक्तदाब खाली असेल तर प्रौढांना ५०० ते १००० मिलिलीटर सलाईन भराभर.

चुका दोन ठिकाणी होतात. एक, आधी ॲव्हिल (ॲलर्जीचं नेहमीचं औषध) किंवा हायड्रोकॉर्टिसोन (स्टेरॉइड) देऊन वाट बघणं. ॲव्हिलनं खाज कमी होते, पण घशाची सूज उतरत नाही आणि रक्तदाबही सावरत नाही. हायड्रोकॉर्टिसोनचा परिणाम सुरू व्हायलाच काही तास लागतात. दोन, रुग्णाला उभं करून स्ट्रेचरपर्यंत चालवणं. रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात, उठताच रक्त पायांत उतरतं, हृदयाकडे परत येत नाही आणि ठोके थांबू शकतात. आडवं ठेवा, पाय उंच करा. फार धाप असेल तर पाठ टेकवून बसवा, पाय लांब ठेवा. गरोदर बाईंना डाव्या कुशीवर झोपवा. रुग्ण बीटा-ब्लॉकर (रक्तदाब-हृदयविकाराच्या गोळ्या) घेत असेल आणि ॲड्रिनॅलिन लागू पडत नसेल तर डॉक्टर ग्लुकागॉन १ ते ५ मिलिग्रॅम शिरेतून पाच मिनिटांत देतात. त्यानं उलटी होते, तेव्हा श्वासमार्ग सांभाळा.

रुग्ण सावरू लागला की ट्रिप्टेजसाठी (ॲलर्जीच्या पेशींतून रक्तात उतरणारं एन्झाइम) रक्त घ्या, शक्यतो दोन तासांच्या आत, उशिरात उशिरा चार तासांत. दुसरा नमुना पूर्ण बरं वाटल्यावर, २४ तासांनंतर. लांब यादीच्या रुग्णाला पुढे याचा फार उपयोग होतो, कारण त्या दिवशी खरंच काय घडलं याचा कागदावरचा पुरावा मिळतो.

प्रश्न : कोळंबीची ॲलर्जी असेल तर कॉन्ट्रास्ट टाळायचा ना?

नाही. कोळंबीची ॲलर्जी तिच्यातल्या प्रथिनाची असते, आयोडीनची नव्हे. आधी कॉन्ट्रास्टचीच रिॲक्शन आली होती का, एवढं विचारा.

प्रश्न : सेप्सिसचा (संसर्गानं प्रकृती ढासळलेला) रुग्ण, यादीत ‘पेनिसिलिन’, बाकी काही माहिती नाही. अँटिबायोटिक कोणतं? (निवासी डॉक्टर)

पहिला डोस यादीपायी लांबवू नका. पेनिसिलिनची ॲलर्जी सांगणाऱ्यांची रीतसर चाचणी केली तर दहातल्या नऊ जणांना ते चालतं. पण अस्थिर रुग्णावर ते पडताळून बघायची ही वेळ नव्हे.

पेनिसिलिनवाल्यांतल्या दहा टक्क्यांना सेफॅलोस्पोरिन (पेनिसिलिनच्याच कुळातला अँटिबायोटिकांचा गट) चालत नाही, हा आकडा जुना आहे. प्रश्न रेणूच्या बाजूच्या साखळीचा असतो : ती सारखी असेल तर एकाची रिॲक्शन दुसऱ्यालाही येऊ शकते. सेफॅलेक्सिनची साखळी ॲम्पिसिलिनसारखी, म्हणून ॲमॉक्सिसिलिननं तत्काळ रिॲक्शन आली असेल तर सेफॅलेक्सिन टाळा. सेफ्ट्रिॲक्सोन आणि सेफॅझोलिनची साखळी वेगळी आहे. मेरोपेनेमला त्रास होण्याचं प्रमाण एक टक्क्याहून कमी. अपवाद उशिराच्या गंभीर रिॲक्शनचा : तिथे तज्ज्ञांना विचारल्याशिवाय पेनिसिलिनच्या कुळातलं यांपैकी काहीच नको.

व्हॅन्कोमायसिन दिलंत तर १ ग्रॅमला किमान एक तास लावा. घाईनं सोडलं की चेहरा-मान लाल होते, खाज सुटते. तेवढंच असेल तर थांबवा, मग संथ गतीनं पुन्हा सुरू करा, आणि केसपेपरवर ‘गतीमुळे’ असं लिहा.

प्रश्न : ‘डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन, मॉर्फिन, काहीच चालत नाही, फक्त फेंटानिल (मॉर्फिनच्याच गटातलं तीव्र वेदनाशामक)’ असं म्हणणाऱ्यावर विश्वास कसा ठेवायचा? (परिचारक)

आधी औषधशास्त्र बघा. पहिली तिन्ही कॉक्स-१ हे एकच एन्झाइम अडवतात. ते अडलं की काही जणांत ल्युकोट्राइन (दाह वाढवणारी रसायनं) वाढतात आणि दमा किंवा अंगावरचं पित्त उसळतं. म्हणजे तीन नावं, आजार एकच. दमा आहे का, नाकात पॉलिप (मऊ गाठी) आहेत का, विचारा. पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम अशा बहुतेकांना चालतं. मॉर्फिन मास्ट पेशींमधून (ॲलर्जीच्या पेशी) थेट हिस्टामिन हे खाज आणणारं रसायन सोडतं, त्यामुळे खाज आणि लाली येते. फेंटानिलनं हे क्वचितच होतं. तेव्हा ही मागणी अगदी बरोबर असू शकते.

लांब यादीच्या रुग्णांत चिंतेचा त्रास जास्त आढळतो, हे खरं. पण ‘घाबरट आहे’ हा निष्कर्ष नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन आणि ईसीजी झाल्यावर काढायचा. ‘आता मी वाचत नाही’ ही भावना ॲनाफिलॅक्सिसचंही लक्षण आहे. यादी ऐकून एकमेकांकडे बघणं तर कटाक्षानं टाळा. रुग्णाला ते दिसतं, आणि मग तो तपशील सांगायचाच थांबतो.

प्रश्न : मी स्वतः अशी रुग्ण आहे. सोबत काय ठेवू?

एक कागद, दोन रकाने. पहिल्यात औषधाचं मूळ नाव (ब्रँडचं नव्हे), वर्ष, काय झालं, किती वेळानं, काय उपचार केले. दुसऱ्यात तुम्हाला चाललेली औषधं : वेदनाशामक, अँटिबायोटिक, भूल. डॉक्टर आधी दुसराच रकाना बघतील. मागे कधी रिॲक्शन आली असेल तर ॲलर्जी तज्ज्ञांकडे जा. नवी असेल तर त्वचेची चाचणी साधारण चार ते सहा आठवड्यांनी करतात. एखादं नाव यादीतून निघालं तर ते कुणी आणि कधी काढलं हेही त्याच कागदावर लिहून घ्या, नाहीतर पुढच्या रुग्णालयात जुन्या नोंदीवरून ते पुन्हा चढतं.