गोवर बरा झाल्यावरही मूल सतत आजारी का पडतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चार वर्षांच्या पुतण्याला मार्चमध्ये गोवर येऊन गेला. तेव्हापासून कधी कान फुटतो, कधी जुलाब, कधी खोकला. रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल. सासूबाई म्हणतात, ‘गोवर नीट बाहेर पडला नाही.’ घरात सात महिन्यांची धाकटीही आहे. विषाणू प्रतिकारशक्तीला नेमकं काय करतो?

मी डॉक्टर नाही, कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. त्यामुळे औषधाचं तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारा, विषाणूचं मी सांगते.

आधी सासूबाईंचं. त्यांचं निरीक्षण अगदीच चुकीचं नाही, त्यांनी दिलेलं कारण मात्र चुकीचं आहे. पुरळ म्हणजे विषाणू अंगाबाहेर पडणं नव्हे. त्वचेत पोचलेल्या बाधित पेशींवर आपल्याच टी-पेशी, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, तुटून पडतात, त्या चकमकीच्या खुणा म्हणजे पुरळ. ज्या मुलांच्या टी-पेशी फारच दुबळ्या असतात, त्यांच्या अंगावर कधीकधी पुरळ उठतच नाही आणि नेमकी तीच मुलं सर्वात धोक्यात असतात. पुतण्याला पुरळ आलं होतं ना? मग त्या बाजूने काळजी नको.

आता मूळ मुद्दा. खोकला-सर्दी दिसते म्हणून गोवर हा छातीचा आजार वाटतो, पण या विषाणूचं खरं घर पांढऱ्या पेशी. श्वासावाटे आत आल्यावर तो आधी तिथल्या पहारेकरी पेशींनाच धरतो आणि त्यांच्यावर स्वार होऊन लसिका ग्रंथींत पोचतो. धोक्याची घंटा वाजवणारी इंटरफेरॉनची यंत्रणाही तो दाबून ठेवतो. त्यामुळे पहिले दहा दिवस मूल खेळत असतं आणि आत हा पसरत असतो.

पेशीत शिरायला त्याला एक कडी लागते. ती कडी कोणती, हे २००० साली जपानमधल्या युसुके यानागी यांच्या गटाने शोधलं: पेशीच्या पृष्ठभागावरचं ‘स्लॅम’ किंवा सीडी १५० नावाचं प्रथिन. आता हे प्रथिन मिरवतं कोण? ज्यांनी अजून एकही जंतू पाहिला नाही अशा कोऱ्या टी-पेशींवर ते फार नसतं. ते भरपूर असतं ते पूर्वी लढलेल्या, जंतू ओळखून ठेवलेल्या स्मृतिपेशींवर. म्हणजे पोलीस ठाण्यातले नवे शिपाई सोडून, हद्दीतला प्रत्येक चोर तोंडावर ओळखणारे जुने हवालदारच तेवढे निवडून मारावेत, तसं हे आहे.

बाधित पेशी मरतात. काही विषाणूमुळे, तर काही आपल्याच टी-पेशींच्या हातून, कारण बाधित पेशी मारणं हेच त्यांचं काम. काही पेशी एकमेकींत मिसळून अनेक केंद्रकांच्या राक्षसी पेशी बनतात. १९३१ साली वॉर्थिन आणि फिंकेल्डे या दोघांनी अशा पेशींची वर्णनं केली. टॉन्सिल किंवा अपेंडिक्स काढलेल्या रुग्णाच्या काचपट्टीत त्या दिसायच्या आणि काही दिवसांनी त्याच रुग्णाला गोवर उमटायचा! विद्यार्थ्यांना मी हे दरवर्षी सांगते, कारण गोवराचा मुक्काम त्वचेत नसून कुठे असतो, ते याहून सोपं करून सांगता येत नाही.

शेवटी तो श्वासनलिकेच्या अस्तरात नेक्टिन-४ या दुसऱ्या कडीने, आतल्या बाजूने शिरतो आणि खोकल्यावाटे पुढच्या माणसाकडे जातो. पुरळ यायच्या चार दिवस आधीपासूनच.

मग रिपोर्ट नॉर्मल कसा? गोवरात लिम्फोसाइट (टी-पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशी) घटतात, पण आठवड्याभरात आकडा बहुधा पूर्ववत होतो. माकडांवरच्या प्रयोगांतून २०१२ मध्ये दिसलं की रिकाम्या जागा भरतात, पण त्यांत मोठी भरती गोवर ओळखणाऱ्या नव्या पेशींची असते. सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजणारी नेहमीची तपासणी, फक्त डोकी मोजते, कोण कोणाला ओळखतो ते विचारत नाही.

म्हणून गोवराची स्मृती जन्मभर राहते. फेरो बेटांवर १८४६ मध्ये साथ आली, तेव्हा १७८१ च्या साथीत गोवर झालेले म्हातारे सुटले, असं पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरने नोंदवलं आहे. उलट बाकीची स्मृती झिजते. १९०८ मध्येच फोन पिर्के यांनी पाहिलं होतं की क्षयाची त्वचाचाचणी ‘पॉझिटिव्ह’ असलेल्या मुलांना गोवर झाला की ती तात्पुरती ‘निगेटिव्ह’ होते.

किती झिजते याचं उत्तर नेदरलँड्समधून मिळालं. तिथल्या काही सनातनी प्रोटेस्टंट वस्त्यांत लस घेत नाहीत. २०१३ मध्ये तिथे गोवर पसरला. लस न घेतलेल्या ७७ मुलांचं आजाराआधीचं आणि नंतरचं रक्त संशोधकांकडे होतं. २०१९ मध्ये निकाल छापून आला: इतर जंतूंविरुद्धच्या प्रतिपिंडांच्या (अँटीबॉडींच्या) साठ्यापैकी ११ ते ७३ टक्के नाहीसा झाला होता. एमएमआर लस घेतलेल्या मुलांत अशी घट दिसली नाही. लशीतला विषाणू जिवंत असला तरी दुबळा केलेला असतो. ‘लशीपेक्षा गोवर येऊन गेलेला बरा, मूल पक्कं होतं’ असं म्हणणारे माझ्याही नात्यात आहेत. मूल गोवरापुरतं पक्कं होतं, बाकी बाबतीत कच्चं.

हा कच्चेपणा किती काळ? इंग्लंड-वेल्स, अमेरिका आणि डेन्मार्कच्या जुन्या मृत्युनोंदींवरून २०१५ मध्ये काढलेला अंदाज दोन ते तीन वर्षांचा आहे. स्मृती परत येते, पण ते जंतू पुन्हा भेटल्यावर, म्हणजे बरेचदा पुन्हा आजारी पडूनच. तरी सगळं गोवराच्या माथी मारू नका. कान वारंवार फुटत असेल तर तो कानाच्या डॉक्टरांना दाखवायलाच हवा. गोवरात दोन दिवस लागोपाठ द्यायचा अ जीवनसत्त्वाचा डोस मिळाला होता का तेही विचारा आणि लसीकरणाचं कार्ड घेऊन राहिलेल्या लशी पूर्ण करून घ्या.

धाकटीचं वेगळं आहे. २०२२ मध्ये गोवंडी, भिवंडी, मालेगाव या भागांत गोवर पसरला, तेव्हा साथीच्या वस्त्यांत नऊ महिन्यांच्या आतल्या, सहा महिन्यांवरच्या बाळांनाही एक जादा डोस दिला गेला. तुमच्याकडे सध्या साथ आहे का आणि तसा डोस देतात का, हे आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात विचारा. मिळाला तरी तो हिशेबात धरत नाहीत. नऊ महिने पूर्ण झाल्यावरचा आणि १६ ते २४ महिन्यांमधला, हे दोन्ही डोस तिला द्यावेच लागतील.