लेकीच्या लांब उडीसाठी एफडी मोडावी का?

प्रश्न : मुलगी नववीत आहे. १०० मीटर धावते आणि लांब उडी मारते. गेल्या वर्षी १४ वर्षांखालील गटात राज्य शालेय स्पर्धेत लांब उडीत चौथी आली, उडी ४.९२ मीटर. १०० मीटरला १३.१ सेकंद. तिचे पीटीचे सर येत्या मे महिन्यात निवृत्त होतात. ते म्हणतात, हिला पुण्याला निवासी अकादमीत टाका. खाजगी अकादमीची फी वर्षाला २ लाख ४० हजार, दहावी ते बारावी तीन वर्षं. मिस्टर साखर कारखान्यात क्लार्क आहेत, हातात ४४ हजार येतात. माझं शिलाई आणि फॉल-पिकोचं दुकान आहे, सरासरी १६ हजार. घरखर्च ३६ हजार, घराचा हप्ता साडेबारा हजार, सुकन्या खात्यात महिन्याला ३ हजार. एफडी साडेचार लाखांची, सोनं दहा तोळे. धाकटा मुलगा पाचवीत. मिस्टर म्हणतात सोनं तारण ठेवू, पुढे क्रीडा आरक्षणातून नोकरी लागेल; मी म्हणते एफडी मोडू. तुम्ही सांगा. शाळेचा पिट दगडासारखा झालाय, वाळू राहिलीच नाही.

उत्तर :

ताई, दोघांचंही ऐकू नका, असं मी म्हणेन. सोनं राहू द्या आणि एफडीही आत्ता मोडू नका. मुलीवर खर्च मात्र नक्की करा, आणि तो तुम्हाला वाटतोय त्यापेक्षा बराच कमी आहे.

आधी तुमचा हिशेब. सगळं जाऊन महिन्याला तुमच्या हातात साडेआठ हजार उरतात. अकादमीची फी २ लाख ४० हजार, पण तेवढ्यावर भागत नाही. स्पाइक्स (खिळ्यांचे बूट), ट्रॅकसूट, स्पर्धांचे प्रवास, तुमच्या भेटीच्या फेऱ्या, औषधपाणी धरलं की वर्षाला आणखी ४० हजार कुठे गेले नाहीत. म्हणजे महिन्याला २३ हजारांच्या वर. मुलगी घरी नसल्याने घरखर्चातले तीनेक हजार वाचतील. तरी दर महिन्याला सुमारे १२ हजार कमी पडणार. फी दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढली, तर तीन वर्षांची तूट पाच लाखांवर जाते आणि तुमची एफडी साडेचार लाखांची आहे. ती संपेल मुलगी बारावीच्या बोर्डाच्या तोंडावर असताना, म्हणजे नेमकी कॉलेजच्या ॲडमिशनसाठी पैसे लागतात तेव्हा.

शिवाय ही एफडी सगळी मोकळी नाहीच. कारखान्याचा पगार हंगामात एखाद-दुसरा महिना पुढे ढकलला जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्या दुकानाची कमाईही लग्नसराई आणि दिवाळीवर. अशा घरात सहा महिन्यांचा खर्च आणि हप्ता बाजूला हवा, तो होतो २ लाख ९१ हजार. उरले दीड लाख आणि थोडे. मुलीच्या खेळासाठी खरी उपलब्ध रक्कम ती एवढीच. अकादमीत ती तेरा-चौदा महिन्यांत संपते.

सोनं तारण ठेवण्याबद्दल एवढंच, की सोन्यावरचं कर्ज फेडायला दर महिन्याला काहीतरी शिल्लक लागते. इथे तर तूट आहे. व्याज साठत जाईल आणि शेवटी दागिना विकूनच सुटका होईल. मग तारण कशाला म्हणायचं?

आता मुद्द्याचं. १४-१५ व्या वर्षी लांब उडी आणि स्प्रिंट हे तुलनेने स्वस्त खेळ आहेत. नेमबाजीला रायफल लागते, टेनिसला कोर्ट आणि रॅकेट. तुमच्या लेकीला लागतं एक नीट पिट (उडी मारून पडायचा वाळूचा खड्डा), पायात बसणारे स्पाइक्स, पोटभर प्रथिनं, झोप, आणि तिचा रनअप रोज बघणारा माणूस. २० सेंटीमीटर रुंदीचा टेक-ऑफ बोर्ड असतो, त्यावर पाय नेमका पडायला हवा. शेवटच्या चार पावलांत ती पाऊल लांबवते की आखडते, हे ज्याला दिसतं तो प्रशिक्षक. तो आज तुमच्याच गावात आहे आणि मे महिन्यात रिकामा होतोय! सर शाळेतून निवृत्त होतात, खेळातून नाही. त्यांना भेटून सांगा की पुढची दोन वर्षं आठवड्यातले पाच दिवस हिला बघा. महिना अडीच हजार मानधन द्या. ते नको म्हणतील, तरी द्या. फुकटच्या शिकवणीत सरांनाही वेळ ठरवणं अवघड जातं आणि आपल्यालाही विचारणं.

पत्राच्या शेवटी तुम्ही एक वाक्य लिहिलंय : ‘शाळेचा पिट दगडासारखा झालाय, वाळू राहिलीच नाही.’ तीन वर्षांच्या फीच्या आधी मला हे वाक्य दिसलं. घट्ट जमिनीवर रोज उड्या मारल्या की गुडघा, घोटा, पाठ, सगळं बोलू लागतं. पावणेतीन मीटर रुंद आणि आठेक मीटर लांब पिटमध्ये फूटभर वाळू भरायची तर दोन-अडीच ब्रास लागते. खडीची चुरी टाकू नका, ती पावसानंतर पुन्हा बसते. मुख्याध्यापकांना सांगा, निम्मा खर्च आम्ही करतो, बाकीचं पालकांकडून आणि ग्रामपंचायतीकडून बघू. एक खोरं आणि दाताळं तिथेच ठेवा, रोज सरावाआधी वाळू खालीवर करून सैल करायची. माझ्या मते तुमच्या घरातली या वर्षातली सर्वांत फायद्याची गुंतवणूक हीच.

तिच्या वेळेबद्दलही सांगतो, कारण अकादमीवाले यावरच बोलतील. १३.१ ही हातातल्या स्टॉपवॉचची वेळ असणार. इलेक्ट्रॉनिक वेळेशी तुलना करताना हातवेळेत ०.२४ सेकंद मिळवतात, म्हणजे ती १३.३४ च्या आसपास धावते. वाईट नाही, पण पुण्यात फोटो-फिनिशवर १३.३४ दिसलं की ‘मुलगी मागे पडली’ असं वाटून घेऊ नका. दुसरं असं, की १४ वर्षांखालील गट संपला, आता ती १७ वर्षांखालील गटात. समोर दोन वर्षांनी मोठ्या मुली उभ्या असतील. राज्यात चौथी आलेली मुलगी या वर्षी विभागातच थांबू शकते. याच वयात मुलींचं शरीर बदलतं, वजन वाढतं, उडी काही महिने जागची हलत नाही. पालक नेमके तेव्हा घाबरतात आणि चेक फाडतात. शिवाय पुण्याला शाळा बदलली तर शालेय स्पर्धा तिकडून खेळावी लागेल, आणि तिथे तिच्या तोडीच्या मुली जिल्ह्याच्या फेरीतच जास्त भेटतील. हे फीच्या पत्रकात लिहिलेलं नसतं.

लोक तुम्हाला शैली सिंगचं उदाहरण देतील. झाशीची मुलगी, आई शिवणकाम करणारी, २०२१ मध्ये नैरोबीच्या २० वर्षांखालील जागतिक स्पर्धेत ६.५९ मीटर उडी मारून रौप्य, सुवर्ण एका सेंटीमीटरने हुकलं. तुमच्याही घरात शिलाई मशीन आहे, म्हणून ती गोष्ट जास्तच लागेल. पण नीट बघा, तिला लांब उडीतली जागतिक पदकविजेती अंजू बॉबी जॉर्ज आणि तिचे पती, प्रशिक्षक रॉबर्ट यांनी हेरून बंगळुरूला नेलं. आईने घर गहाण टाकून जागा विकत घेतली नव्हती. या खेळात चांगल्या जागा बहुतेक निवड होऊन मिळतात.

म्हणून आधी निवडीची दारं ठोठवा. राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनी निवासी आहेत, राहणं-जेवण-प्रशिक्षण शासनाचं. वयाची अट आणि चाचणीच्या तारखा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारा, तुमच्या मुलीचं वय बसतंय का ते याच आठवड्यात बघा. ‘साई’ची (भारतीय क्रीडा प्राधिकरणाची) केंद्रं कांदिवलीला आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत, कुठे मुलींचं ॲथलेटिक्स चालू आहे ते फोनवर कळेल. केंद्र सरकारच्या खेलो इंडिया योजनेत निवड झाली तर वर्षाला ६ लाख २८ हजारांची तरतूद असते. त्यातले महिना १० हजार खेळाडूच्या हातखर्चाला, बाकी प्रशिक्षण, निवास, आहार, साहित्य यांवर. ते मिळेल असं धरून आज कर्ज काढायचं नाही, पण मिळालं तर सगळं गणितच बदलतं आणि तेव्हा तुमची एफडी शाबूत असायला हवी.

घरी राहून तिच्यावर खर्च किती? मी वर्षाला एक लाख धरतो, म्हणजे महिन्याला आठ हजारांच्या थोडं वर. हा तुमच्या शिल्लकीतच बसतो. त्यात ३० हजार सरांचं मानधन, अंडी-दूध-डाळी-शेंगदाण्यासाठी वेगळे २४ हजार, स्पाइक्सचे दोन जोड (पाय वाढतोय, महागडे नकोत), महिन्यातून दोनदा जवळच्या सिंथेटिक ट्रॅकवर नेणं-आणणं, स्पर्धा, आणि वर्षातून दोनदा चांगल्या फिजिओथेरपिस्टकडे. हिमोग्लोबिन तपासून घ्या, पाळी सुरू झालेल्या धावपटू मुलींमध्ये लोह कमी पडणं नेहमीचं आहे. तुमच्या मेडिक्लेममध्ये फिजिओचं ओपीडीचं बिल बहुधा बसणार नाही, म्हणून ते खिशातून धरलंय. आणि मे महिन्यात त्याच पुण्याच्या अकादमीचं उन्हाळी शिबिर असेल तर तेवढं नक्की करा. मुलगी घराबाहेर राहते का, तिथला प्रशिक्षक खरोखर मुलांकडे बघतो का की मोबाइलकडे, वसतिगृहाला महिला वॉर्डन आहे का, हे महिनाभरात कळतं.

एफडीतले दीड लाख वेगळे काढून दुसऱ्या एफडीत ठेवा, वर तिचं नाव लिहा. हे पैसे अकरावीसाठी. तोवर १७ वर्षांखालील गटात ती राज्यात पदकापर्यंत पोहोचली किंवा राष्ट्रीय स्पर्धेला गेली, तर पुण्याला जायचं. तेव्हा दोनच वर्षं असतील, दहावी पदरात असेल, आणि फीत सवलत मागायला तुमच्या हातात प्रमाणपत्र असेल.

दहावीचं मी मुद्दाम बोलतोय. मिस्टरांना पाच टक्के क्रीडा आरक्षणातून नोकरीची आशा दिसते. ते आरक्षण आहे, खरं आहे, पण पदाची शैक्षणिक अट आणि परीक्षा सुटत नाही, आणि स्पर्धाही ठरावीक दर्जाची लागते. प्रमाणपत्रं विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे पडताळून घ्यावी लागतात. प्रत्येक प्रमाणपत्राची मूळ प्रत आणि स्पर्धेचा निकाल एका फाइलमध्ये ठेवा. बोर्डाचे वाढीव क्रीडा गुण मिळतात का, हे शाळेकडून वेळेत अर्ज भरून बघा.

सुकन्याचे ३ हजार बंद करू नका. २०२४ पासून तिथे ८.२ टक्के मिळताहेत, करमुक्त. दहावी झाल्यावर किंवा १८ पूर्ण झाल्यावर आधीच्या आर्थिक वर्षाअखेरच्या शिलकेच्या निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते, पण शिक्षणासाठी, प्रवेशाचा किंवा फीचा कागद दाखवून. अकादमीची पावती तिथे चालेल असं धरून चालू नका. अगदीच ओढाताण झाली तर वर्षाला किमान २५० भरून खातं जिवंत ठेवता येतं. अकादमीच्या फीवर आयकरातली ८०सी ची वजावट मिळत नाही, कुणी तसं सांगितलं असेल तर विसरा.

जाता जाता : मिस्टरांचा टर्म इन्शुरन्स पत्रात कुठेच दिसला नाही. घराचा हप्ता, दोन मुलं, आणि महिन्याचा पगार एकाचाच. वाळूच्या आधी ते.

आणि अकादमीवाले ‘महिनाअखेर पंचवीस हजार भरून जागा धरा’ म्हणत असतील, तर मुलगी मध्येच परत आली किंवा जखमी झाली तर किती पैसे परत, हे लेखी मागा. फी तिमाही भरू द्याल का तेही विचारा. लेखी देणार नसतील तर पंचवीस हजार तुमच्याकडेच राहू द्या.