‘मॅडम, यात माझं काय आहे?’

लिहिणारी मुलं समुपदेशनासाठी माझ्याकडे आली की एक तक्रार हमखास ऐकू येते: आवडता लेखक डोक्यातून जात नाही, काहीही लिहायला घेतलं तरी त्याच्यासारखंच होतं. आईवडील तेच वेगळ्या शब्दांत सांगतात, ‘नुसती नक्कल करतो हो.’ अशाच एका मुलाविषयी लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

मूळचा सांगलीचा, नोकरीला पुण्यात, वय तेवीस. कॉलेजपासून मराठीत अद्भुतरम्य (फँटसी) कादंबरी लिहीत होता. राज्यं, नकाशे, स्वतः रचलेली लिपी, सगळं होतं तिच्यात. एका लेखन कार्यशाळेत कुणीतरी चारचौघांत म्हणालं, ‘हे तर सगळं टोल्किनचंच आहे.’ टोल्किन म्हणजे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही जादूच्या अंगठीची कादंबरी लिहिणारा इंग्रज लेखक, या मुलाचा सगळ्यात आवडता. तेव्हापासून वही बंद. रात्री दोनला जाग यायची, तेच वाक्य कानात घुमायचं, मग पहाटेपर्यंत डोळा लागायचा नाही. माझ्याकडे तो आला तो या झोपेसाठी. आधी आम्ही तिचीच घडी बसवली.

मग मी त्याला वही आणायला सांगितली. लिखाणाला मार्क देणं हा माझा प्रांत नव्हे. त्याच्या हातात निळी पेन्सिल दिली आणि म्हटलं, ‘टोल्किनकडून आलेलं सगळं अधोरेखित कर.’ पहिली पानं निळीच झाली. बुटके, दगडात कोरलेली दारं, अंगठीच्या जागी बाजूबंद. रेघा इतक्या जोरात ओढत होता की कागद फाटेल असं वाटलं. पुढे राजधानीतल्या पुराचं प्रकरण आलं. पाणी ओसरल्यावर राणी कोठारात जाते. ज्वारीच्या पोत्यांना मोड आलेत. एक पोतं उचलायला जावं तर तळ फाटतो आणि आंबूस, कुजका लगदा तिच्या पायांवर पडतो. भिंतीवरची चिखलाची रेघ पुसायची नाही, असा ती हुकूम देते. इथे पेन्सिल थांबली.

‘हे कुठून आलं?’ मी विचारलं.

‘आमच्याच घरातून.’ ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचं पाणी त्यांच्या घरात शिरलं होतं. त्या वासाबद्दल तो बराच वेळ बोलत राहिला. कुणाजवळ पहिल्यांदाच बोलत होता.

पुढच्या भेटीत विचारलं, ‘टोल्किनने कुणाकडून घेतलं?’ यावर त्याची कळी खुलली. बुटक्यांची नावं, अगदी गँडाल्फ या जादूगाराचं नावसुद्धा, एका जुन्या नॉर्स काव्यातलं आहे, हे त्यानेच मला सांगितलं. ‘मग त्याला चोर म्हणायचं का?’ तो गप्प झाला. मग मी त्याला एक पत्र सांगितलं. 1914 साली बावीस वर्षांच्या टोल्किनने आपल्या वाग्दत्त वधूला लिहिलं होतं की फिनलंडच्या ‘कालेवाला’ या महाकाव्यातल्या एका कथेवरून तो गोष्ट लिहायचा प्रयत्न करतोय, साधारण विल्यम मॉरिस या आधीच्या पिढीतल्या इंग्रज लेखकाच्या अद्भुतकथांच्या धर्तीवर. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा पहिला खंड आला 1954 मध्ये. मुलाने लगेच विचारलं, ‘मधल्या चाळीस वर्षांत काय केलं त्याने?’ हा प्रश्न त्याला पडला तिथेच निम्मं काम झालं, असं मी मानते. पहिल्या महायुद्धात सोमच्या लढाईत लढला, जुनी इंग्रजी शिकवली, मुलांना गोष्टी सांगितल्या आणि सतत लिहीत राहिला.

पालकांना कळकळीने सांगते, आवडत्या लेखकाची पुस्तकं काढून घेऊ नका. दुसऱ्याची वाक्यंच्या वाक्यं उचलून आपल्या नावावर खपवली, तर मात्र स्पष्ट बोला, ती चोरीच आहे. पण नव्या लिहिणाऱ्यावर आवडत्या लेखकाची छाप पडणारच. मला भीती वाटते ती वही बंद होण्याची. लिहिणं थांबलं आणि त्यासोबत झोप, जेवण, कामावरचं लक्ष दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेलं राहिलं, तर कुणातरी जाणकाराची मदत घ्या.

तो मुलगा पुन्हा लिहितोय. टोल्किनही वाचतोय. बाजूबंद ठेवायचा की काढायचा, हे अजून ठरत नाहीये. पुराचं प्रकरण मात्र त्याने उचलून कादंबरीच्या सुरुवातीला आणलं आहे.